घटाची वावरी

सर्वपित्री अमावास्येला दुपारी पानं वाढून झाली. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवून खाली आले, तर आई म्हणाल्या, "अगं, यंदाचा घट तू बसव. माझे हात आता थरथरतात. माती चाळायची, धान्य पसरायचं, सगळं तूच कर. मी शेजारी खुर्ची टाकून बसते."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन वाईला आल्यापासून आमच्या घरचा घट त्यांनीच बसवला. मला या घरात येऊन तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत मी माळा ओवल्या, नैवेद्य केले, दसऱ्याला उगवलेलं धन केसात माळलं. पण घटाच्या मातीला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यांनी सहज सांगितलं, पण मला ते सहज घेता आलं नाही. "हो आई," म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले.

यंदा, म्हणजे २०२५ साली, घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, सोमवारी. नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. माझं काम हिशेबाचं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत संगणक, प्रिंटर आणि फाइलींचं कपाट आहे. गावातल्या चौदा दुकानांचे हिशेब मी लिहिते, त्यांची रिटर्न भरते. किराणा, औषधं, इलेक्ट्रिकचं सामान, स्टेशनरी, हार्डवेअर, एक बेकरी. सप्टेंबरच्या ३ तारखेला निर्णय जाहीर झाला तेव्हाच कळलं होतं की नवरात्राची सुरुवात कशी जाणार. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, बराचसा माल ५ आणि १८ मध्ये आला. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर. तूप, लोणी १२ वरून ५ वर. मोठा टीव्ही, सिमेंट २८ वरून १८ वर. ऐकायला सोपं वाटतं, पण दुकानाच्या संगणकात प्रत्येक वस्तूचा दर वेगळा बदलावा लागतो, आणि २१ तारखेच्या रात्री दुकानात शिल्लक माल किती ते मोजून ठेवावं लागतं. स्टेशनरीवाले काका तर फार खूश होते, कारण वह्यांवरचा कर १२ वरून शून्य झाला. शिल्लक वह्यांवर खरेदीच्या वेळी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आता परत करावी लागेल, हे त्यांना समजावून सांगताना माझा अर्धा तास गेला. वाईट मला वाटलं, कारण त्यांच्या आवाजातला आनंद माझ्यामुळे उतरला.

तर अमावास्येची संध्याकाळ अशी फोनवर गेली. मंडईत घटाच्या वावरीचे ढीग लागलेले असतात. काळी, भुसभुशीत, रानातली माती. आई दरवर्षी स्वतः जाऊन बोटांत चुरून बघून आणायच्या. मला जायला झालं नाही, वरून पाऊसही होता. साडेआठ वाजता टॉर्च घेऊन अंगणात गेले आणि फाटकाजवळच्या वाफ्यातली चार ओंजळी माती घमेल्यात घेतली. ओली होती, म्हणून चाळणीतून जाईना. हातानेच ढेकळं फोडली. आई तेव्हा झोपल्या होत्या. त्यांना उठवून विचारावं असं वाटलं नाही.

सकाळी परडीत पत्रावळ घातली, त्यावर माती पसरली, मधे मातीचं सुगड ठेवून त्यात पाणी, सुपारी, नाणं घातलं, विड्याची पानं लावून वर नारळ ठेवला. भोवतीच्या मातीत गहू, ज्वारी, मूग, मटकी, हरभरा, करडई, जवस. वर मातीचा पातळ थर. पहिली माळ विड्याच्या पानांची. आई खुर्चीत बसून बघत होत्या, एकदाच म्हणाल्या, "करडई जरा पसरून टाक, एका जागी पडली." दिवा लावला, आरती झाली आणि दहा वाजता मी वर गेले ते रात्रीपर्यंत वरच होते. मधे दोन वेळा खाली येऊन घटाला तांब्याने पाणी घातलं. पाणी कमी पडू नये, ही एकच काळजी होती मला.

चौथ्या माळेला उजव्या बाजूचा गहू दोन बोटं वर आला होता. ज्वारीही. पिवळे, नाजूक, दिव्याकडे झुकलेले. डाव्या बाजूला, भिंतीकडच्या अर्ध्या भागात, काहीच नव्हतं. वरून माती साखरेच्या पाकासारखी चकचकीत, घट्ट बसलेली. मी रोज बघत होते, पण चौथ्या दिवशी लेकीने विचारलं, "आई, इकडचं का नाही उगवलं?" आणि तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ज्यांच्या घरी घट बसतो त्यांना हे सांगायची गरज नाही. घट कसा उगवला यावर बायका वर्षभराचं बोलतात. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी घटाकडे बघते. मी शिकलेली आहे, आकड्यांत दिवस घालवते, पण त्या दिवशी मनात काय काय येऊन गेलं ते खरं सांगते. मुलगा पुण्यात एकटा राहतो. हे शिरवळच्या कंपनीत रात्रपाळीला जातात, पावसात मोटरसायकलवर, खंबाटकीच्या पलीकडे. आईंची तब्येत. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा घट माझ्या हातून बसला होता.

त्याच दिवशी, २५ तारखेला, संध्याकाळी बातमी आली की टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर झाली. ज्या ऑफिससाठी मी ऑडिटच्या फाइली तयार करून देते, तिथल्या मुलींचे आनंदाचे मेसेज येत होते. मी फोन बाजूला ठेवला आणि देवघरात आईंजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, माझं काहीतरी चुकलं."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकल्या आणि परडीच्या कडेला, घटापासून लांब, करंगळीचं टोक मातीवर टेकवलं. दाबलं. बोट आत गेलं नाही.

"ही कुठली माती?"

"फाटकाजवळची."

"तिथं गेल्या साली कंपाउंडचा पाया खणला होता. खालची शाडूसारखी माती वर आली आहे तिथं. ह्या मातीत हवा नाही गं. बी श्वास कुठनं घेणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू पाणी वरून घालतेस का? सुगड कशाला ठेवलंय मग? ते कच्च्या मातीचं आहे, आतलं पाणी पाझरतं. तेवढ्यावर धान्य येतं. आता घटाला हात लावायचा नाही. पाणी थांबव, एवढंच."

त्या रागावल्या नाहीत, आणि काही होत नाही अशी समजूतही घातली नाही. चूक मातीची आहे आणि पाण्याची आहे एवढंच सांगितलं. मला त्याने इतकं बरं वाटलं की देवघरातच डोळे भरून आले.

पाणी थांबवलं. सहाव्या माळेला डावीकडच्या मातीला बारीक चिरा पडल्या. सातव्या माळेला पहाटे दिव्यात तेल घालायला गेले तर एका चिरेजवळ रुपयाएवढी मातीची खपली एका बाजूने वर उचललेली दिसली. मी दिवा जवळ नेला. खपलीखाली मुगाचा कोंब होता. मान खाली वाकवून, पाठीचा बाक करून तो वर येत होता. डाळिंब्या अजून मातीत होत्या, आणि ती खपली त्याच्या पाठीवर होती. किती वेळ तिथं बसले आठवत नाही. स्वयंपाकघरात कुकर लावायचा होता, चहा व्हायचा होता. मी लेकीला उठवून आणलं. तीही उकिडवी बसून बघत राहिली. दुपारपर्यंत ती खपली बाजूला पडली होती आणि मूग सरळ उभा होता.

यंदा एक तिथी वाढल्यामुळे माळा दहा झाल्या, तो एक जास्तीचा दिवस मला फार उपयोगी पडला. डावी बाजू भरली नाही, पण मोकळीही राहिली नाही. नऊ कोंब आले. मोजलेत मी.

बाहेर तेव्हा हस्ताचा पाऊस चालू होता. मराठवाड्यातल्या, सोलापुराकडच्या बातम्या बघवत नव्हत्या. सीना नदीच्या पुरात माणसं घराच्या छपरांवर बसलेली. आई टीव्हीसमोर हात जोडून बसायच्या. आमच्याकडे तसं काही झालं नाही. कृष्णेला पाणी होतं, पण पावसाळ्यातल्यासारखंच. अंगणातला झेंडू मात्र गेला म्हणायचा. जुलैच्या सुरुवातीला बी टाकलं होतं, म्हणजे बरोबर दसऱ्याला फुलं यावीत. झाडं कमरेएवढी झाली, फुलं हाताच्या पंजाएवढी आली आणि पाण्याच्या भाराने माना टाकून लोंबायला लागली. वरून पिवळीधमक, देठाशी दाबलं की आत तपकिरी, कुजलेली. दसऱ्याला तोडली तेव्हा बादलीभर फुलं टाकायला गेली, उरली त्यात दाराचं तोरण झालं. आदल्या दिवशी खंडेनवमीला संगणकाला, कॅलक्युलेटरला, ह्यांच्या मोटरसायकलला, आईंच्या विळीला आणि माझ्या खुरप्याला दोन दोन फुलं वाहिली.

दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार ह्यांना सुट्टी होती. त्या दोन दिवसांत आम्ही गच्चीवरच्या तीसही कुंड्या रिकाम्या केल्या. दरवर्षी चार-पाच कुंड्यांची माती बदलते, ती मरगळलेल्या झाडांची. यंदा ठरवलं, सगळ्याच. घटाच्या परडीत जे दिसलं ते कुंड्यांतही असणार, ही शंका मनातून जात नव्हती.

आणि होतंच. पावसाळाभर कुंडीत पाणी पडतं, मातीतला बारीक गाळ खाली जाऊन बसतो, वर शेवाळ धरतं. कुंडी उलटी करून ठोकली की मातीचा अख्खा साचा बाहेर येतो. त्याच्या तळाशी मुळांची गोल गोल वेटोळी, जशी दोऱ्याची रिळं. भोकं गाळाने लिंपलेली. जास्वंदीच्या कुंडीत चार हुमण्या सापडल्या, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. गेला महिनाभर ती जास्वंद का रडत होती ते तेव्हा कळलं. तिच्या पानांखाली पिठ्या ढेकूणही होता. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून फवारलं, आठ दिवसांनी पुन्हा. आता नवीन फूट आली आहे.

ताडपत्रीवर सगळी जुनी माती पसरून ऊन दिलं. त्या रविवारी नशिबाने चांगलं ऊन पडलं. आई गच्चीवर येऊ शकत नाहीत, म्हणून मिश्रण खाली पडवीत केलं, त्यांच्या खुर्चीसमोर. जुनी माती दोन घमेली, कुजलेलं शेणखत एक घमेलं, पानांचं खत एक घमेलं, नदीची वाळू अर्धं, आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. पानांच्या खताबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे शरदात पानगळ नसते. आश्विनात झाडं उलट पावसाने माखून हिरवीगार असतात. आमच्या दारातला बदाम आणि शेजारच्यांचं शिरीष माघ-फाल्गुनात पानं टाकतं. तेव्हा पोत्यांत भरून ठेवलेली पानं आणि पावसाळ्यात त्यावर पडलेलं पाणी, असं सात-आठ महिन्यांनी पोत्यात हात घातला की चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलसर खत हाताला लागतं. त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. यंदा तीन पोती निघाली.

आईंनी एक मूठ माती मागितली. मुठीत दाबली, हात उघडला. मातीचा लाडू झाला होता. मग तर्जनीने वरून हलकेच टिचकी मारली, तो जागचा हलला नाही. "अजून घट्ट आहे. वाळू घाल." आणखी अर्धं घमेलं वाळू घातली. पुन्हा मूठ. लाडू वळला, टिचकी मारताच फुटून त्यांच्या पदरात पडला. "आता झाली बघ."

मी हिशेबात आयुष्य घालवलं आहे, कुठलंही प्रमाण लिहून ठेवायची मला सवय आहे. वही आणून लिहायला बसले, तर त्या म्हणाल्या, "लिहून काय ठेवतेस, दरवर्षीची माती वेगळी असते. हाताला विचार." तरी मी लिहिलंच. त्या नसतील तेव्हा मला कुणाला विचारायचं?

शेवंतीचं एक सांगते, कारण गेली दोन वर्षं ती माझ्याकडे फुलत नव्हती आणि कारण सापडायला फार वेळ लागला. शेवंतीला कळ्या धरायला लांब आणि सलग काळोखी रात्र लागते. दिवस लहान व्हायला लागले की तिला ऋतू कळतो. माझ्या चारही कुंड्या गच्चीच्या ज्या कठड्यावर होत्या तिथं समोरच्या खांबावरचा रस्त्याचा दिवा रात्रभर पडतो. तिच्या लेखी रात्र होतच नव्हती. यंदा गणपतीनंतर त्या कुंड्या मागच्या जिन्याच्या कोपऱ्यात नेल्या. हे म्हणाले, तिथं ऊन कमी. मी म्हटलं, सकाळचं चार-पाच तास येतं, तेवढं बघू. आता हे लिहिते आहे तेव्हा चारही कुंड्यांवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या कळ्या आहेत. पिवळ्याच्या दोन उमलायला आल्या.

कोजागिरीला आभाळ होतं. आटीव दूध केलं, केशर-वेलची घातली, गच्चीवर सतरंजी टाकली, पण चंद्र साडेदहापर्यंत ढगात. आईंना खाली पडवीत दूध दिलं. अकराच्या सुमाराला वीस मिनिटं आभाळ मोकळं झालं, तेवढ्यात मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तोही खोलीच्या गॅलरीत दुधाचा कप घेऊन उभा होता. पिशवीचं दूध, मसाला मी पाठवलेला.

मग पाऊस उघडला आणि आठवडाभर ते चिडचिडं ऊन, ज्याला आता सगळेच ऑक्टोबर हीट म्हणतात. सकाळी गारवा, अकरानंतर चटका. नव्या मातीत मेथी, कोथिंबीर आणि लसूण लावली होती. धणे पोळपाटावर लाटण्याने रगडून दोन फाळ्या केल्या, लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचल्या. मेथी चौथ्या दिवशी आली. तिच्यावर दुपारी आईंचं जुनं सुती लुगडं बांधून सावली केली. एका पसरट कुंडीत घटाची माती कालवली होती, उठवलेल्या घटातलं उरलेलं धनही त्यातच. घटाची माती आम्ही झाडातच घालतो. ती घट्ट माती होती, पण एवढ्या खत-वाळूत तिचा वेगळेपणा उरला नाही.

फाटकाजवळच्या त्या मातीचं मात्र काय करायचं हा प्रश्न होता. तो वाफा खणून दीड हात माती बाजूला काढली. लाल-पिवळसर, चिकट, वाळली की वीट. रस्त्यावर टाकायची तर कचऱ्याची गाडी घेत नाही. ढीग तसाच भिंतीला लागून पडला होता आणि येता-जाता मला त्याचा राग यायचा.

लेकीची सहामाही परीक्षा संपली त्या दुपारी गल्लीतली पोरं दारात. "काकू, किल्ल्याला माती आहे?" यंदा जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड, म्हणून पोरांचं ठरलं होतं, प्रतापगडच करायचा. मी ढिगाकडे बोट दाखवलं. एका मुलाने ती माती हातात घेऊन वळली, दाबली आणि ओरडला, "ही तर एक नंबर आहे!" दगड-विटा रचून, त्यावर गोणपाट टाकून ती माती लिंपली त्यांनी. बुरूज उभे राहिले, माची झाली, पायऱ्या तर चमच्याने कोरल्या. उतारावर हळीव टाकलं. आई तीन दिवस खुर्ची पडवीतून अंगणात हलवून तिथंच बसल्या होत्या, पोरांना टोकत. "अरे, खाली मोठे दगड घाला, नाहीतर बसेल तो."

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पाऊस आला. पणत्या आत घेतल्या, रांगोळी गेली. पोरं किल्ल्यावर ताडपत्री टाकायला धावली, तोवर दहा मिनिटं तो भिजलाच. मी छत्री घेऊन बघायला गेले. मावळ्यांपैकी दोघं आडवे झाले होते आणि हळीव चिखलाने माखलं होतं. बुरूज जागेवर होते. पाणी त्यांच्यावरून निथळून जात होतं, आत जात नव्हतं. मी त्या बुरुजाला हात लावून पाहिला, थंड आणि गुळगुळीत.

मुलगा वसुबारसेच्या रात्री स्वारगेटहून बसला आणि साडेबाराला घरी पोचला. चार दिवस त्याने वरच्या खोलीत माझ्या शेजारी बसून खरेदीची बिलं जुळवून दिली. सप्टेंबरचं रिटर्न यंदा अवघड होतं, २१ तारखेपर्यंत एक दर आणि २२ पासून दुसरा. २० ऑक्टोबरची मुदत दिवाळीमुळे २५ झाली म्हणून फराळ तरी वेळेवर झाला. चकलीचं पीठ आईंच्या हाताखाली लेकीने भिजवलं.

भाऊबीजेला दादा आला. माझं माहेर धोमच्या वरच्या अंगाला आहे. तिथं भात, थोडं सोयाबीन, आणि अलीकडे वीस गुंठे स्ट्रॉबेरी. त्याचा चेहराच सांगत होता. ओवाळून झाल्यावर पिशवीतून त्याने मूठभर सोयाबीन काढून माझ्या हातावर ठेवलं. काढून रचून ठेवलेल्या गंजीतलं. शेंगा उघडल्याच नव्हत्या, शेंगेतच कोंब आले होते. पांढरे, वाकडे, शेंगेला चिरून बाहेर आलेले. "निम्मी गंजी अशी आहे," तो म्हणाला. स्ट्रॉबेरीची रोपंही सप्टेंबरच्या पावसात गादीवाफ्यावर सडली, दुसऱ्यांदा आणून लावावी लागली. त्यांचा खर्च त्याने सांगितला तो मी इथं लिहीत नाही. आई खुर्चीतून म्हणाल्या, "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती म्हणतात रे. स्वाती लागतातच आहेत." दादा म्हणाला, "मावशी, ते ज्वारीचं. आमचं अजून रानातच पडलंय. आता दहा दिवस नको पाऊस." आई गप्प झाल्या. त्यांनी आयुष्यभर ती म्हण आनंदाने म्हटली आहे, मला ठाऊक आहे.

पाऊस त्यानंतरही पडला. दादाचं भात आडवं झालं, पण वाचलं. नुकसानीचे पंचनामे झाले, पैसे यायचे आहेत. त्याची कागदपत्रं, सातबारा, बँकेचा तपशील, सगळं मीच भरून दिलं. माझ्या कामाचा माझ्या माहेराला इतका थेट उपयोग याआधी कधी झाला नव्हता.

पण त्या दिवशीचं एक. जेवण झाल्यावर दादा गच्चीवर आला. मेथी चार बोटं झाली होती, कोवळी. भाकरीबरोबर तीच उपटून दिली होती त्याला, नुसती, वर तेल-मीठ. तो एका कुंडीजवळ बसला, दोन बोटं मातीत खुपसली, थोडी उचलून तळहातावर घेतली, नाकाशी नेली. त्याला सवय आहे ती. माझ्या लहानपणी आमचे वडील बांधावर बसून असंच करायचे.

"माती चांगली केलीस गं ताई," तो म्हणाला.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, आणि मला ताई फक्त तेव्हाच म्हणतो जेव्हा त्याला माझ्याविषयी काही वाटतं.

आता कार्तिक लागला आहे. पहाटे पारिजातकाचा सडा अजून पडतो, पण विरळ. परसातली हळद छातीएवढी आहे. तिची पानं पिवळी पडून वाळायला अजून दोन-अडीच महिने आहेत, मग खणायची. ऑडिटच्या उरलेल्या फाइली या आठवड्यात जातील. मुलगा पुण्याला परत गेला, जाताना चिवडा नेला आणि लाडू विसरला. पोरांनी किल्ला अजून मोडलेला नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा म्हणतात.

काल तुळशीवृंदावन घासलं. आतली माती वर्षानुवर्षांची. तुळस वाळत चालली होती, मंजिऱ्या खुडायच्याही राहिल्या होत्या. मुळांना धक्का न लावता कडेची माती खुरप्याने हळूहळू मोकळी केली, निम्मी काढली, नवी भरली. गेरू लावला, चुन्याने वर स्वस्तिक काढलं. आईंचा हात धरून त्यांना वृंदावनापर्यंत आणलं. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, कठड्याला टेकून वाकल्या आणि करंगळी मातीत घातली. ती पेरापर्यंत आत गेली. थोडा वेळ तशीच ठेवली त्यांनी.

"घाल आता पाणी," त्या म्हणाल्या. "थोडंच."